सोमवारचं लाल कार्ड

आमच्या सातपूरच्या कारखान्यात तीन रंगांची कार्डं होती. हिरवं म्हणजे जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग, पास; पिवळं म्हणजे दुरुस्त करून आणा, लाल म्हणजे भंगारात टाका. ही कार्डं फक्त लोखंडाला लावायची असतात, असं मला कामाला लागल्यावर वाटलं होतं. पहिल्याच सोमवारी दहाच्या चहाला गेले तर कॅन्टीनच्या फळ्यावर एक लाल कार्ड टाचलेलं. जॉबचं नाव: यान सत्रह. नग: एक. कारण: चार भोकांच्या झाकणाला तीनच बोल्ट. खाली ठसठशीत सही, गांगुर्डे, इन्स्पेक्टर.

'यान सत्रह' ही हिंदी मालिका तेव्हा दर रविवारी सकाळी अकरा वाजता लागायची. पृथ्वीवरून निघालेलं एक यान, त्याचा देखणा कॅप्टन मिहिर, म्हातारा इंजिनिअर बलदेव, आणि दर आठवड्याला नवं संकट. आमच्याकडे तिला सगळे 'सतरा नंबर' म्हणत. सोमवारी सकाळी गेटवर भेटणारा माणूस नमस्काराच्या आधी 'सतरा नंबर बघितलं का' विचारायचा. नव्वदीची मधली वर्षं होती. रविवारी लोकांना दुसरं काम नसायचं असं नाही, पण अकरा वाजता नसायचं.

दौलत गांगुर्डे आमच्या क्वालिटी विभागाचे सर्वांत जुने इन्स्पेक्टर. सगळे त्यांना नाना म्हणत. मी त्याच खोलीत गेजांची, म्हणजे मापं घ्यायच्या साधनांची, नोंद ठेवायला बसायचे, म्हणून त्यांच्या सगळ्या खोडी मला जवळून बघायला मिळाल्या. उंच, सडपातळ माणूस. शर्टाच्या दोन्ही बाह्या दुमडलेल्या, आणि दोन्हींच्या घड्या बरोबर सारख्या. मायक्रोमीटरला हात लावण्याआधी हात रुमालाला पुसायचे, आणि तो रुमाल दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत. जॉब हातात घेतला की आधी कानाशी नेऊन बोटानं टिचकी मारायचे. त्या टिचकीतून त्यांना काय ऐकू यायचं ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "काही नाही ताई, हालहवाल विचारतो."

नानांना 'चालेल' हा शब्द चालत नसे. सुपरवायझर जॉब घेऊन आला आणि म्हणाला, "नाना, जरासंच जास्त आहे, चालेल," की नाना चष्म्यावरून बघायचे. "चालायला त्याला पाय आहेत का? बसेल का ते सांगा." चौथा एक गुलाबी कागदही आमच्याकडे होता. त्याचं नाव डेव्हिएशन. माप चुकलंय, पण काम अडलंय म्हणून या वेळेपुरतं जाऊ द्या, अशी परवानगी त्यावर लिहायची आणि खाली सही करायची. त्याचं पॅड माझ्या ड्रॉवरमध्ये असायचं. एकदा माल भरायला ट्रक गेटवर उभा, मोठे साहेब स्वतः खाली आलेले, आणि नाना हाताची घडी घालून उभे. साहेब म्हणाले, "गांगुर्डे, सही करा." नाना म्हणाले, "साहेब, पेन देतो, तुम्ही करा." साहेबांनी केली. नानांची सही त्या गुलाबी पॅडवर कुणी कधी पाहिली नव्हती, आणि याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता असं माझं मत आहे.

घरीही तेच. त्यांच्या कॉलनीतल्या विहारात पुस्तकांसाठी एक फळी बसवायची होती. सुतारानं बसवली, पैसे घेतले, निघाला, तेवढ्यात नाना पाण्याची लेव्हल घेऊन आले. फळी एका बाजूला केसभर उतरलेली. सुतार वैतागला. "नाना, पुस्तकं काय घसरून पडणार आहेत?" नाना म्हणाले, "पुस्तकं नाही पडणार. पण मला ती रोज दिसणार ना." फळी काढून पुन्हा बसवली गेली. नानांच्या बायकोनं ही हकिकत मला कपाळाला हात लावून सांगितली होती.

असा माणूस टीव्हीसमोर बसला की काय होणार? यानाच्या दारातून कॅप्टन बाहेर आला आणि त्याच्या गळ्यातला रुमाल फडफडला, तर नानांचं लाल कार्ड: 'हवा नाही तिथे वारा.' यानाच्या इंजिनावर एक घड्याळासारखं मीटर होतं, ते त्यांनी पहिल्या भागातच ओळखलं. पंक्चरवाल्याकडे टायरमध्ये हवा भरताना जे असतं ते. "पंधरा कोटी मैल आले आणि मीटर द्वारका चौकातलं," ते म्हणाले, आणि कॅन्टीनमध्ये चहा सांडेपर्यंत हशा पिकला.

त्यांच्या विरुद्ध बाजूला युसूफ शेख. आम्ही त्यांना शेखभाई म्हणायचो. मूळचे मालेगावचे, राहायला नाशिक रोडला, लेथवर त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता. नानांनी त्यांचेही जॉब परत पाठवले होते, एकदा तर चाळीस नग एकदम, आणि त्याच दुपारी दोघं एका डब्यात जेवले होते. शेखभाईंना सतरा नंबरमधले बोल्ट दिसतच नसत.

"नाना, छोडो ना. तुम्ही बोल्ट मोजता, मी माणूस बघतो."

"माणूस त्याच बोल्टच्या भरवशावर बसलाय आत."

"तो बलदेव आहे ना, तो आपला फिटर आहे. यान तो चालवतो, आणि टोपी कॅप्टन घालतो. हे बघा की जरा."

मी मधल्या टेबलावर बसायचे, म्हणून साक्षीला दोघंही मलाच ओढायचे. मी कधी याची, कधी त्याची बाजू घ्यायचे. चहाची सुट्टी दहा मिनिटांची, आणि भांडण कधीच दहा मिनिटांत मिटायचं नाही.

मग तो भाग आला. यान एका बर्फाच्या उपग्रहावर उतरतं, बलदेव बाहेर दुरुस्तीला जातो, वादळ सुटतं, आणि कॅप्टन त्याला तिथेच सोडून उडतो. जाताना रेडिओवर सांगतो, मी परत येईन. दुसऱ्या दिवशी सोमवारी कॅन्टीन पेटलं होतं. शेखभाई म्हणत, येणार. नाना म्हणत, येणार नाही. त्यांनी तर कागदावर इंधनाचं गणित मांडून आणलं होतं. जाऊन यायला पुरत नाही. भोंगा झाला तरी भांडण संपेना. नानांना शेखभाईंच्या मशीनवर पहिला नग तपासायचा होता, ते बोलत बोलत तिथवर गेले. मशीन सुरू झालेलं. नानांनी विचारलं, "मग सांग, इंधन आणणार कुठून?" शेखभाईंनी गॉगल कपाळावर सारला, नानांकडे बघितलं, आणि म्हणाले, "नाना, माणूस परत येतो."

तेवढ्यात लोखंडाचा तापलेला कीस उडाला आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला.

त्यांना दवाखान्यात नेल्यावर अपघाताचा फॉर्म भरायचा होता. साक्षीदार एकटे नाना. कारणाच्या रकान्यात नानांनी दोन ओळी लिहिल्या. 'कामगाराचा गॉगल कपाळावर होता. चालू मशीनवर मी त्याच्याशी टीव्हीच्या कार्यक्रमाविषयी वाद घालत होतो.' सुपरवायझर म्हणाला, "नाना, दोन्ही ओळी काढा, 'अचानक' एवढंच लिहा, सगळ्यांना सोपं पडेल." नानांनी फॉर्म त्याच्या हातात ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. ताकीद दोघांनाही मिळाली, शेखभाईंना तर दवाखान्यातल्या खाटेवर. पहिली ओळ लिहिली म्हणून कॅन्टीनमध्ये काही जण नानांशी बोलेनासे झाले. दुसरी ओळ त्यांना दिसलीच नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी नानांचा राग आला होता. खरेपणाला काही वेळकाळ असतो की नाही, असं वाटलं होतं.

शेखभाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजवी नजर येईल की नाही ते डॉक्टर सांगेनात. पहिले काही दिवस दोन्ही डोळे बांधलेले, कारण एक हलला की दुसरा हलतो. पुढेही टीव्ही बंद, अगदी ऐकायचाही नाही, आवाज आला की डोळा तिकडे वळतो म्हणून. त्यांच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, टीव्हीच मालेगावला दिराकडे पाठवून दिला.

आणि नाना दर रविवारी नाशिक रोडला जायला लागले. सतरा नंबर संपलं की जेवायचं, बस धरायची, सीबीएस स्टँडला बदलायची, आणि शेखभाईंच्या खाटेशी बसून तो भाग जसाच्या तसा सांगायचा. दोघांमध्ये त्या सोमवारबद्दल एक शब्द निघाला नाही, हे मला भाभींकडून नंतर कळलं. नाना यायचे, द्राक्षं ठेवायचे, गोष्ट सांगायचे, जायचे.

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी अकरा वाजता सतरा नंबर लागलंच नाही. त्याच्या जागी स्वयंपाकाचा कार्यक्रम. कारण नाही, सूचना नाही. बलदेव बर्फात, कॅप्टन आकाशात, आणि एक बाई टोमॅटो चिरतेय. सोमवारी कॅन्टीनमध्ये लोक सुतकी चेहऱ्यानं बसले होते. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "शेखला भेटायला जाल त्यांनी मालिका बंद झाल्याचं बोलायचं नाही." मला वाटलं, आजारी माणसाला त्रास नको म्हणून सांगत असतील.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एका रविवारी मी नानांबरोबर गेले. शेखभाई खाटेवर टेकून बसलेले, डावा डोळा उघडा, उजव्यावर पट्टी. भाभींनी चहा आणला. नानांनी हात त्या मायक्रोमीटरच्या रुमालाला पुसले आणि सांगायला सुरुवात केली. कॅप्टन मिहिरनं यान वळवलं होतं. इंधन पुरावं म्हणून त्यानं सामानाची कोठडी सोडून दिली होती, तिचं वजनही नानांनी सांगितलं. यान बर्फावर उतरलं. दार उघडण्याआधी मधल्या खोलीतली हवा काढून घेतली. मी कप हातात धरून ऐकतच राहिले. असा भाग कुठेच दाखवला नव्हता. जो माणूस केसभर उतरलेली फळी सहन करत नव्हता, तो माझ्यासमोर बसून धडधडीत खोटं बोलत होता.

"मग?" शेखभाईंनी विचारलं.

"मग कॅप्टन बर्फातनं चालत गेला. बलदेव एका खडकाला टेकून बसला होता. जिवंत होता. कॅप्टन त्याच्यापुढं उभा राहिला." पुसलेले हात नानांनी पुन्हा पुसले. "म्हणाला, बलदेव, चूक माझी होती. तू काम करत होतास, तेव्हा मी नको तिथं बोलत होतो."

शेखभाईंनी विचारलं, "बलदेव काय म्हणाला?"

"ते पुढच्या रविवारी," नाना म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

परत येताना बसमध्ये मी विचारलंच. "नाना, हे काय चालवलंय?"

नाना मूळचे बागलाणातले, सटाण्याकडचे. एरवी बोलणं आमच्यासारखंच, पण मन भरून आलं की त्यांच्या बोलण्यात 'आहे'चं 'शे' व्हायचं. "ताई," ते म्हणाले, "तो तठे बसेल शे. बर्फात. त्याले तसाच ठेवू का?"

पुढच्या रविवारी नाना गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही. भाभींचा कारखान्यात फोन आला, नानांची तब्येत बरी आहे ना, हे वाट बघतात. मी नानांना विचारलं, "बलदेव काय म्हणाला, एवढंच तर सांगायचंय. जमवा काहीतरी." नानांनी मान हलवली. "ते माझ्याकडून होत नाही. बलदेवच्या वतीनं मी कसं बोलू?" आणि खरंच, कॅप्टनची चूक ते स्वतः कबूल करू शकत होते, पण माफी स्वतःच्या हातानं लिहून घेणं त्यांच्या मापात बसत नव्हतं. त्या दिवशी माझा त्यांच्यावरचा राग गेला.

तीन महिन्यांनी शेखभाई कामावर आले. उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. लेथ सुटला. क्वालिटीत बसवून बघू, असं साहेबांनी ठरवलं, म्हणजे नानांच्याच टेबलाशी. तो सोमवार होता. सकाळभर दोघांनी एकमेकांना फक्त मापं सांगितली. दहाला सगळे कॅन्टीनमध्ये गेलो. मालिका बंद झाल्यापासून फळा रिकामा होता. शेखभाई फळ्यापाशी जाऊन उभे राहिले.

"नाना, एक एपिसोड बाकी आहे. तुमच्याकडनं येईना, म्हणून मी घेऊन आलो."

नानांचा कप अर्ध्यावर थांबला. "तुला कुणी सांगितलं बंद पडलं ते?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे. पहिले दोन रविवार तुम्ही येऊन त्या सीरियलवाल्यांचा उद्धार करत होता. वारा कुठनं आला, बोल्ट किती होते. तिसऱ्या रविवारपासून एकही चूक नाही. दरवाजा उघडायच्या आधी हवा काढली. झाकण लावताना बोल्ट समोरासमोरचे आवळले. एकाआड एक. अरे, त्या शूटिंगवाल्यांच्या बापाला माहीत आहे का हे? मी तुमच्या भाभीला म्हटलं, हा एपिसोड सातपूरला बनलाय."

लोक हसले. नाना हसले नाहीत. शेखभाईंनी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला आणि डाव्या डोळ्यानं नीट त्यांच्याकडे बघितलं.

"तर ऐका. कॅप्टन म्हणाला, चूक माझी. बलदेव म्हणाला, साहेब, हेल्मेटची काच मी वर केली होती. माझ्या हातानं. तुमच्याकडे बघून बोलायचं होतं म्हणून. तुम्ही कागदावर लिहिलं ते दोन्ही खरंच लिहिलं. आणि मी म्हटलं होतं ना, माणूस परत येतो. आलात. आता चला, चहा गार होतोय. खलास. एपिसोड संपला."

नानांचा चष्मा धुरकटला होता, तो त्यांनी चक्क मायक्रोमीटरच्या रुमालाला पुसला.

"तठे हवा नही शे," नाना म्हणाले. "काच वर केली तर माणूस जागेवर मरेल. हे बसत नाही."

"मग रिजेक्ट करा."

नानांनी खिशातून कार्डं काढली. हिरवं, पिवळं, लाल. तिन्ही बघितली आणि परत खिशात ठेवली. मग माझ्याकडे वळले. "ताई, ते गुलाबी पॅड आणता का?"

मी अक्षरशः पळत गेले. नानांनी उभ्या उभ्या लिहिलं. जॉब: यान सत्रह, शेवटचा भाग. नग: एक. दोष: काच वर. शेऱ्याच्या जागी त्यांचं पेन जरा थांबलं, आणि मग त्यांनी लिहिलं: 'चालेल.' खाली सही केली आणि कागद स्वतः फळ्यावर टाचला. त्या पॅडवर ही त्यांची पहिली सही, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत दुसरी झाली नाही. तो कागद फळ्यावरून कुणी काढला मला माहीत नाही, पण शेखभाईंच्या डब्याच्या पिशवीत मी तो नंतर पाहिला आहे.

पुढची सात-आठ वर्षं दोघं एका टेबलाशी बसले. शेखभाई डाव्या डोळ्यानं आणि बोटांनी माप घ्यायचे, आणि त्यांची बोटं फसायची नाहीत. नाना कायम त्यांच्या उजव्या हाताला बसायचे. दोघं मागेपुढे निवृत्त झाले.

त्यानंतर नाना मला एकदाच दिसले. तोवर घरोघरी केबल आली होती. दुपारी मी सातपूरच्या बसथांब्यावर उभी होते, आणि मागून ओळखीचं भांडण ऐकू आलं. कुठल्यातरी नव्या वाहिनीवर अंतराळाची मालिका लागत होती, तिच्यातल्या यानाला मागे जायचा गिअर आहे की नाही यावर चाललं होतं. नानांचे केस पांढरेशुभ्र, बाह्यांच्या घड्या मात्र अजून सारख्या. शेखभाईंच्या उजव्या बाजूला उभे राहून त्यांनी त्यांचं कोपर धरलं होतं. मला बघून दोघांनाही आनंद झाला. मी विचारलं, "काय मग, बलदेवचं काय झालं पुढं?"

"रिटायर झाला," नाना म्हणाले. "डोकं खातो रोज."

बस आली. शेखभाईंना पाटी वाचता येईना. "नाना, नाशिक रोडची आहे का?"

नानांनी चष्मा सारखा करून पाटी वाचली. "सीबीएसपर्यंतच जाते. तिथं उतरून बदलावी लागेल."

"मग? चालेल का?"

"चालेल," नाना म्हणाले, आणि त्यांना आधी चढवून मग स्वतः चढले.